वॉरंट रद्द, अटक कायम

अमेरिकेत ज्याच्या नावाचं पकड वॉरंट निघालेलं असतं, त्यालाच ते सगळ्यांच्या शेवटी कळतं. रस्त्यावर गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला ते मिनिटभरात कळतं. लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांनाही आधी कळलेलं असू शकतं. वॉरंटच्या धन्याला मात्र कळतं ते हातात बेड्या पडल्यावर. शहरात निदान शोधायला एखादी वेबसाइट तरी असते. आडबाजूच्या काउंटीत तीही नसते, आणि हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

इथल्या वाचकाला याचं काय, तर आपली मुलं तिथे गाड्या चालवतात. सुट्टी लागली की चौघं मिळून एक गाडी भाड्याने घेतात आणि हजार मैलांच्या प्रवासाला निघतात. वाटेत पाच-पन्नास घरांचं गाव लागतं. महामार्गावरची वेगमर्यादा तिथे एकदम निम्म्यावर येते. गाडीचा वेग काही त्याच क्षणी उतरत नाही, मागून दिवे लागतात आणि हातात चलन पडतं. त्या चलनावर एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत दंड भरायचा, नाहीतर कोर्टात हजर व्हायचं. परीक्षा येते, घर बदलतं, नोकरी दुसऱ्या राज्यात लागते आणि चलन जुन्या घरातल्या कपाटाच्या खणातच राहतं. तारखेला पुकारा होतो, कोणीच उभं राहत नाही आणि न्यायाधीश बेंच वॉरंट काढतात. बहुतेक राज्यांनी आपसात करार केलेला असल्यामुळे परराज्यातल्या चलनाकडे दुर्लक्ष केलं तर स्वतःच्या राज्यातला परवानाही निलंबित होऊ शकतो.

या वॉरंटांची संख्या ऐकून माणूस हबकतो. २०१६ च्या ‘यूटा विरुद्ध स्ट्रीफ’ खटल्यातल्या मतभेदाच्या निकालपत्रात न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी सरकारी यंत्रणांत पडून असलेल्या वॉरंटांचा आकडा ७८ लाखांवर सांगितला आणि त्यातली बहुतांश किरकोळ गुन्ह्यांची आहेत असं नोंदवलं. मिसूरीतलं फर्ग्युसन हे शहर साधारण २१ हजार वस्तीचं. तिथल्या एकट्या नगर न्यायालयाची १६ हजारांहून जास्त माणसांवर वॉरंटं होती, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ च्या अहवालात लिहिलं. सगळी काही त्या गावची नव्हती, येणारी-जाणारीही होती. गर्दीत नाव यायला आपण गुन्हेगार असावं लागत नाही, हेच त्यातून दिसतं.

मग शोधायचं कुठे? सगळ्या देशाचं मिळून एकच दार आहे हा समज आधी डोक्यातून काढा. एफबीआयची राष्ट्रीय नोंदवही, एनसीआयसी, १९६७ पासून आहे, पण ती पोलिसांसाठी. तुम्हा-आम्हाला बंद. शिवाय किरकोळ वॉरंट त्या नोंदवहीत असेलच असंही नाही. बरीचशी काउंटीच्या स्वतःच्या यादीतच पडून राहतात. विस्कॉन्सिन, आयोवा, मिसूरी या राज्यांनी कोर्टाच्या नोंदी राज्यभर एका ठिकाणी, फुकट पाहण्याची सोय केली आहे. नाव घातलं की खटला दिसतो आणि खटल्याच्या नोंदीत वॉरंट निघालं की नाही तेही बहुधा दिसतं. ओक्लाहोमात ७७ काउंट्या, आणि बराच काळ त्यांतल्या काही एका साइटवर तर उरलेल्या दुसऱ्या साइटवर. टेक्ससमध्ये २५४ काउंट्या, प्रत्येकीचा कारभार वेगळा. त्यांतल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं मोजली गेली, पण शेरीफ तिथेही स्वतंत्र आणि कोर्टही स्वतंत्र. अशा ठिकाणी शोध म्हणजे फोन. तोही जेवणाच्या सुट्टीत कोणी उचलेल ही आशा नको.

फोन करण्याआधी चलन कोणी दिलं ते बघावं. चलन शहराच्या पोलिसाचं असेल तर खटला बहुधा त्या शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जातो. शेरीफच्या माणसाने किंवा राज्याच्या महामार्ग पोलिसाने दिलं असेल तर काउंटीच्या कोर्टात. टेक्ससमध्ये ते ‘जस्टिस ऑफ द पीस’ नावाच्या, लोकांनी निवडून दिलेल्या छोट्या न्यायाधीशाकडे जातं आणि एकाच काउंटीत असे अनेक न्यायाधीश असू शकतात. एका कोर्टाच्या क्लार्कने “काही नाही” म्हटलं तर त्याचा अर्थ माझ्या टेबलावर काही नाही, एवढाच. बाजूच्या इमारतीत, पलीकडच्या गावात असू शकतं. आपली मुलं इथेच फसतात. एका साइटवर नाव टाकतात, कोरं पान दिसतं आणि निर्धास्त होतात.

नावाची तर आणखी मोठी भानगड आहे आणि ती खास आपली आहे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बसतं. परवाना देणारा कारकून कधी दोन्ही मिळून पहिलं नाव करतो, कधी वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाकतो, कधी गाळतो. चौधरी, कुलकर्णी, देशपांडे यांची इंग्रजी स्पेलिंगं रस्त्याकडेला उभ्या पोलिसाने हाताने लिहिली की काय होत असेल याची कल्पना करा. आणि जन्मतारीख! आपल्या पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना. तिकडे आधी महिना. ०७/०८ हा आपला सात ऑगस्ट तिकडे आठ जुलै होतो. म्हणून शोधताना नाव सरळ, उलट, वडिलांच्या नावासह, त्याशिवाय, आणि स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हांनी घालून बघायचं. जन्मतारखेची अट काढता येत असेल तर काढायची. चलन हाताशी असेल तर मात्र त्यावरच्या क्रमांकानेच शोधा, तो सगळ्यात खात्रीचा.

पैसे घेऊन तपासणी करून देणाऱ्या वेबसाइटवर एक डॉलरही घालवू नये. त्या अशाच सार्वजनिक नोंदी उचलतात, एकाच नावाची दोन माणसं एक करतात आणि वॉरंट रद्द झालं तरी त्यांच्याकडची नोंद जुनीच राहू शकते.

जुनी नोंद काय करते, ते अलाबामात घडलं आहे आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे. खटल्याचं नाव ‘हेरिंग विरुद्ध युनायटेड स्टेट्स’. जुलै २००४. कॉफी काउंटीच्या शेरीफ कार्यालयात एक माणूस जप्त केलेल्या आपल्या ट्रकमधलं काहीतरी घ्यायला आला. तिथल्या तपास अधिकाऱ्याने वॉरंटचं टेबल सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, याच्यावर काही आहे का? त्यांच्या काउंटीत काही नव्हतं. त्यांनी शेजारच्या डेल काउंटीला फोन लावला. तिकडच्या बाईंनी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, आहे, कोर्टात हजर न राहिल्याचं. अधिकाऱ्याने सांगितलं, मूळ कागद फॅक्स करायला सांगा. एवढ्यात तो माणूस निघालाही होता. अधिकारी मागोमाग गेला, गाडी थांबवली, अटक केली. अंगझडतीत मेथॲम्फेटामिन मिळालं, गाडीत पिस्तूल. इकडे डेल काउंटीत बाई फायलीत कागद शोधतायत, कागद नाही. त्यांनी कोर्टाच्या क्लार्कला विचारलं, तेव्हा कळलं की वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतलंय. दहा-पंधरा मिनिटांत ही दुरुस्ती कळवली गेली, पण तोवर अटक होऊन गेली होती.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या मतभेदाच्या निकालपत्रात एक तपशील आहे, तो मला विसरता येत नाही. वॉरंट मागे घेतल्याची नोंद डेल काउंटीच्या शेरीफच्या कॉम्प्युटरावर बहुधा आपोआप होत नव्हती, आणि हाताने ती कोणी केलीही नाही. एक नोंद पुसायला पाच महिने पुरले नाहीत.

१४ जानेवारी २००९ ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताचं निकालपत्र लिहिलं. ही पोलिसांची एकट-दुकट हयगय आहे, हेतुपुरस्सर केलेलं नाही, म्हणून झडतीत सापडलेला पुरावा बाद होणार नाही. आरोपीची २७ महिन्यांची शिक्षा कायम राहिली. त्या माणसाच्या खिशात जे सापडलं त्याची बाजू घेण्याचं मला कारण नाही. पण या निकालाचा भुर्दंड त्याच्यापुरता थांबत नाही. यादी चुकीची ठेवली तर सरकारचं काही बिघडत नाही, असं एकदा ठरलं की ती नीट ठेवण्याची निकड कुठल्या काउंटीला राहील? खिशात काहीच नसलेला माणूसही त्याच यादीवरून उचलला जातो, आणि त्याचा खटला कोणाच्या कानावरही जात नाही.

परदेशी माणसाला तर त्याचा डाग जन्मभर पुरतो. अमेरिकी व्हिसाच्या अर्जात थेट प्रश्न आहे, तुम्हाला कधी अटक झाली होती का? वॉरंट रद्द झालेलं असताना झाली, ही पुढची गोष्ट. उत्तर ‘हो’च द्यावं लागतं, आणि मग कागदपत्रं जोडत बसा.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. मुंबईतल्या एका वकिलाला ऑगस्ट २००२ मध्ये, आधीच रद्द झालेल्या अजामीनपात्र वॉरंटवरून अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे २०११ मध्ये न्यायालयाने देशभरातल्या कोर्टांना सूचना दिल्या. अजामीनपात्र वॉरंट क्रमांक घातलेल्या छापील नमुन्यावरच काढा, त्याची नोंदवही ठेवा, रद्द केलं की मूळ कागद परत मागवून घ्या. सूचना किती ठिकाणी पाळल्या जातात हा वेगळा विषय. पण चूक कुठे होते ते आपल्या न्यायालयाने अचूक पकडलं होतं. वॉरंट काढणारे हात आणि ते पुसणारे हात वेगळे, आणि पुसणाऱ्याला घाई नसते.

गंभीर गुन्ह्यातलं वॉरंट अटकेआधी जाहीर करू नये हे मला मान्य आहे, आरोपी पळेल. पण हजर न राहिल्याचं, दंड न भरल्याचं वॉरंट लपवण्यात कोणाचं भलं आहे? उलट त्या माणसाने स्वतःहून येऊन मिटवावं हीच तर कोर्टाची इच्छा असायला हवी. ऐपत नाही म्हणून दंड भरला नाही, तर चौकशी न करता तुरुंगात टाकता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बियर्डन विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात १९८३ मध्येच सांगून ठेवलं आहे. तरी टेक्ससमध्ये बऱ्याच ठिकाणी दरवर्षी वॉरंटची धरपकड मोहीम निघते. आधी लोकांना पत्रं जातात, मग पोलीस. मला त्यातला पत्रं पाठवण्याचा भाग तेवढा पटतो. तो वर्षातून एकदा कशाला, वॉरंट निघालं त्या दिवशी करा.

आता ज्यांचं पोर तिकडे आहे त्यांनी त्याला एवढं कळवावं. शंका असेल तर शेरीफच्या खिडकीवर स्वतः जाऊन चौकशी करू नकोस, वॉरंट निघालं तर तिथेच आत घेतील. फोन कोर्टाच्या क्लार्कला कर. माझ्या नावावर उघडा खटला आहे का, वॉरंट निघालंय का, मागे घ्यायला काय करावं लागेल, हे विचार. किरकोळ प्रकरणात पुष्कळ ठिकाणी तिथलाच वकील अर्ज करून वॉरंट मागे घ्यायला लावतो आणि नवी तारीख मिळते. ते झालं की हुकमाची शिक्का मारलेली प्रत घे आणि गाडीत ठेव. मग आठवड्याभराने वकिलाकरवी शेरीफच्या वॉरंट टेबलाला फोन करून विचार, यादीतून नाव निघालं का. नसेल निघालं, तर हुकमाची प्रत त्यांना पाठवून पुन्हा विचार, आणि निघेपर्यंत विचारत राहा.