सुईच्या अग्रावर

(पुण्यातली तपकीर गल्ली. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर झाकण काढलेला ॲम्प्लिफायर, भिंतीलगत स्पीकरांची चळत. कोपऱ्यातल्या स्टुलावर कानसेन. हे गृहस्थ इथे रोज येतात, दुरुस्तीला मात्र कधीच काही आणत नाहीत. रिक्षातून गिऱ्हाईक उतरतं. काखेत टर्नटेबल, पाठीवर लॅपटॉप.)

गिऱ्हाईक : काका, बाबांचा जुना सेट आहे. सान्सुईचा ॲम्प्लिफायर, हा टर्नटेबल, दोन मोठे स्पीकर. अपग्रेड करायचाय.

कारागीर : बिघडलाय का?

गिऱ्हाईक : नाही, चालतोय.

कारागीर : चालतोय, आणि ते तुम्हाला बघवत नाही.

गिऱ्हाईक : तसं नाही हो. चाळीस हजार बाजूला काढलेत. पहिला खर्च कशावर करावा याचं एक्सेल शीट केलंय. सोळा पर्याय आहेत. प्रत्येकाला वेटेज दिलंय.

कारागीर : लग्नाच्या वेळी स्थळं किती पाहिलीत?

गिऱ्हाईक : तीन.

कारागीर : मग?

कानसेन : केबल.

गिऱ्हाईक : काय म्हणालात?

कानसेन : पहिला खर्च केबलवर. ऑक्सिजन-फ्री कॉपर. माझ्याकडे बसवली तेव्हा व्हायोलिनवाला दोन फूट मागे सरकून बसला.

कारागीर : किंमत ऐकली असेल त्याने. (गिऱ्हाइकाला) तुमची तक्रार काय ते सांगा. शीटमधली नको, कानातली.

गिऱ्हाईक : आवाज अगदी पातळ येतो. व्हॉल्यूम पूर्ण उघडला तरी शेजारच्यांना काही त्रास नाही. पण मोबाइल जोडला की घर हादरतं. म्हणून वाटलं, ॲम्प्लिफायर दणकट आहे, टर्नटेबल कमजोर.

कारागीर : थांबा. मोबाइल कुठे जोडलाय?

गिऱ्हाईक : मागे फोनो लिहिलंय तिथे. फोनचंच असेल ना ते.

(शांतता. कानसेन चष्मा काढून पुसतात.)

कारागीर : आणि टर्नटेबल?

गिऱ्हाईक : ऑक्समध्ये. तेवढीच जागा उरली होती.

कारागीर : अहो, फोनो म्हणजे फोनोग्राफ. टर्नटेबलातून येतात कसेबसे चार-पाच मिलिव्होल्ट. ते आधी वाढवायला वेगळं सर्किट लागतं, ते त्या फोनोच्या मागे बसवलेलं असतं. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला असतो आणि तार चढवलेला असतो, नाहीतर खर्जाच्या रुंद खाचांनी अर्धी तबकडी खाल्ली असती आणि वरून खरखरही ऐकू आली असती. 1954 साली अमेरिकेत त्याचं माप ठरलं, ते पुढे सगळ्या जगाने घेतलं. फोनोचं सर्किट ते उलटं फिरवून मूळ पदावर आणतं. तुम्ही टर्नटेबल ऑक्समध्ये घातलात. म्हणजे खर्ज दाबलेलाच राहिला, तार चढलेलाच राहिला, आणि आवाज वाढवायला कुणीच नाही.

गिऱ्हाईक : म्हणजे वायर बदलली की...

कारागीर : झालं पहिलं अपग्रेड. पैसे नकोत. मोबाइल ऑक्सला लावा. शीटमध्ये हा पर्याय कितवा होता?

गिऱ्हाईक : (लॅपटॉप अर्धवट मिटत) स्पीकर बदलायचे होते.

कारागीर : स्पीकर ठेवलेत कसे?

गिऱ्हाईक : एक शोकेसवर, एक दिवाणाखाली.

कारागीर : दिवाणाखाली?

गिऱ्हाईक : हिने सांगितलं. वर ठेवला तर खिडकी झाकली जाते.

कारागीर : मग डाव्या कानाला तानपुरा छतातून आणि उजव्या कानाला तबला फरशीतून. दोन्ही समोर आणा, कानाच्या उंचीला, मधे तुमच्या बसण्याच्या अंतराएवढी फट ठेवा. लाल तार लालला, काळी काळीला, दोन्हीकडे सारखीच. एकीकडे उलटी झाली की एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खर्ज मधल्यामधे गायब. कोनच्या कडेला फोम आहे की रबर?

गिऱ्हाईक : रबर. अजून मऊ आहे.

कारागीर : नशीबवान आहात. फोम असता तर एव्हाना भुगा होऊन खाली पडला असता. स्पीकर राहू द्यात.

कानसेन : मी सांगतो ते ऐकाल का? उगमापासून सुरुवात करा. ग्लासगोचे आयव्हर टीफेनब्रुन, लिन कंपनीवाले, 1970च्या दशकात लिन सोंडेक एलपी-12 घेऊन आले आणि सगळ्या जगाशी भांडले. म्हणाले, लोक स्पीकरवर पैसे उडवतात ते उलटं आहे. तबकडीवरून जे उचललंच गेलं नाही, ते पुढे कितीही भारी ॲम्प्लिफायर लावा, कुठून येणार?

कारागीर : माणूस शहाणा.

कानसेन : (खूश होऊन) तेच म्हणतो! नवा टर्नटेबल घ्या. अमेरिकेत जुने उत्तम मिळतात, कुणाकडून तरी मागवा.

कारागीर : मागच्या वर्षी एकांनी मागवला. जावयाने बॅगेतून आणला, खाली ट्रान्सफॉर्मरही घेतला, 110 व्होल्टचा. संध्याकाळी माझ्याकडे हजर. म्हणाले, किशोरीताईंच्या जागी कुणी बुवा गातोय. अहो, व्होल्ट बदलले, हर्ट्झ कोण बदलणार? तिकडे 60, इकडे 50. साध्या एसी मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. 33⅓च्या जागी तबकडी फिरत होती अठ्ठावीसच्या आतबाहेर. कोमल गंधारापासून षड्जापर्यंत उतरावं एवढी पट्टी घसरली. काळी पाचची बाई पांढरी पाचात.

कानसेन : काय केलंत मग?

कारागीर : लेथवर नवी पुली कातून घेतली. (गिऱ्हाइकाला) असो. यांच्या टीफेनब्रुन साहेबांचंच पुढे नेऊ. उगमापाशी काय असतं?

कानसेन : टर्नटेबल.

कारागीर : त्याच्या आधी?

कानसेन : टोनआर्म.

कारागीर : त्याच्याही आधी?

गिऱ्हाईक : सुई?

कारागीर : यांना चहा सांगा रे.

(कारागीर टर्नटेबलचं झाकण उघडतो. बोट थांबतं.)

कारागीर : हेडशेलवर हा रुपया कशाला चिकटवलाय?

गिऱ्हाईक : सुई उडायची. सोसायटीतल्या आजोबांनी सांगितलं, वर नाणं ठेवा.

कारागीर : (रुपया सोडवून चिमुकल्या डिजिटल काट्यावर ठेवतो.) 3.79 ग्रॅम. सरकारी वजन एवढंच आहे, नाणं खरं आहे. आता बघा, हे शुअरचं एम-75 काट्रिज. या सुईला दोन ग्रॅम पुरतात. तुम्ही रुपया घालून पावणेसहा केलेत. सुई कशामुळे उडत होती ते न बघता तिच्या डोक्यावर माणूस बसवलात.

कानसेन : मी तर एकच ग्रॅम ठेवतो. तबकडीला जपावं म्हणून.

कारागीर : तेही चूक. फार हलकी सुई खाचेत बसतच नाही, दोन्ही भिंतींवर आपटत जाते. जपायला म्हणून जाता आणि ठोकून येता.

(भिंग डोळ्याला लावतो. बराच वेळ काही बोलत नाही. कारागीर गप्प झाला की गिऱ्हाइकाने खिसा चाचपावा, असा या गल्लीतला अनुभव आहे.)

कारागीर : टर्नटेबल देवघराजवळ होता का?

गिऱ्हाईक : तुम्हाला कसं कळलं?

कारागीर : उदबत्तीची राख आहे, तेलाचा हात आहे, वर धुळीची लोकर. हे सगळं ब्रशने जाईल. पण खाली बघा, या तुम्हीच बघा. टोक गोल दिसायला हवं. दोन्ही बाजूंना सपाट झालंय, चकाकतंय. ही सुई राहिली नाही, छिन्नी झाली. कधी बदलली होती?

गिऱ्हाईक : माझ्या मुंजीच्या आसपास. 1988.

कारागीर : हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते. रोज एक एलपी लावलीत तर दोन ते चार वर्षांत संपली. बाबा रोज लावायचे?

गिऱ्हाईक : रविवारी दिवसभर. 'कट्यार' तर पाठच होती.

कारागीर : आता सांगा, 'स' आला की फिस्स असं होतं ना? आणि लेबलाजवळच्या शेवटच्या गाण्यात जास्त?

गिऱ्हाईक : होय! मला वाटलं, शेवटी गायक दमत असेल.

कारागीर : तबकडी दमते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला 50 सेंटिमीटर धावते, लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोंबलेला. ताजी सुई तिथून निघते, सपाट झालेली अडते. एका भिंतीत डावा आवाज, दुसरीत उजवा, आणि ही दोन्हीकडे घासत जाते. टोकाची गोलाई केवढी असते माहीत आहे? 0.018 मिलिमीटर. दुर्योधनाने पांडवांना सुईच्या अग्रावर मावेल एवढी जमीनही नाकारली. इथे तेवढ्याच अग्रावर वसंतरावांची सगळी 'कट्यार' उभी आहे.

कानसेन : पण शुअरने 2018 साली काट्रिजं बनवणंच बंद केलं. सुई मिळणार कुठे? म्हणून म्हणतो, केबल...

कारागीर : जपानमध्ये जिको म्हणून कारखाना आहे, जुन्या काट्रिजांच्या सुया अजून बनवतो. मूळ धंदा शिवणाच्या सुयांचा. त्यांची बसेल. लंबगोल टोकाची घेऊ, आतल्या खाचेत साध्या गोलापेक्षा नीट उतरते.

गिऱ्हाईक : म्हणजे चाळीस हजारांत फक्त सुई?

कारागीर : सुई, नवा बेल्ट, व्हॉल्यूमच्या बटणाची सफाई आणि माझी मजुरी. हा बेल्ट बोटाला गुंडाळला तर तिसरा वेढा बसतोय, एवढा सैल झालाय. पट्टी हलते ती त्यानेच. हे सगळं होऊन निम्म्याहून जास्त पैसे परत न्याल.

गिऱ्हाईक : (जरा निराश) घरी सांगू काय? हिला सांगितलंय मोठं काहीतरी येणार.

कारागीर : दिवाणाखालचा स्पीकर बाहेर येणार, एवढं पुरे. भांडण तेवढ्याचंच होईल.

कानसेन : तरी एक मीटर केबल घेऊन बघायला हरकत नाही. ऐकून ठरवा.

कारागीर : तुम्ही ठरवलंत ना ऐकून? मग परवा तुमच्या नकळत जुनी वायर लावली होती, तेव्हा मान कशी डोलत होती?

(कानसेन चहाचा कप तोंडापर्यंत नेतात आणि तिथेच ठेवतात.)

गिऱ्हाईक : काका, ॲम्प्लिफायर उघडून बघायला नको? चाळीस वर्षांपूर्वीचा आहे.

कारागीर : कपॅसिटर सुकले असतील तर हळूहळू गुणगुणेल, तेव्हा आणा. गुणगुणला म्हणून तबकडीचं काही बिघडत नाही. स्पीकर भिकार असला तरी तबकडी शाबूत. सुईचं तसं नाही. ती वाईट असली तर नुसती वाईट वाजवत नाही, बाबांनी जमवलेलं दर फेरीला थोडं थोडं पुसत जाते. म्हणून ती पहिली.

गिऱ्हाईक : उरलेल्या पैशांचं काय करू?

कारागीर : तबकड्या घ्या. जुन्या बाजारात मिळतात. उन्हात मांडलेल्या नको, त्या वाकलेल्या असतात. घरच्या आहेत त्यांतल्या लाखेच्या, 78च्या तव्यांना मात्र या सुईने हात लावू नका, त्यांची खाच जाड असते. आणि पुसायला स्पिरिट वापरू नका, लाख विरघळते.

गिऱ्हाईक : (शीट उघडून खाली नवी ओळ घालत) सतरावा पर्याय, सुई. वेटेज किती देऊ?

कारागीर : दोन ग्रॅम. (पावती फाडतो.) शनिवारी या, सुई तोवर आली असेल. तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या सेटवर या एलप्या लावू नका, त्याची सुई मी बघितलेली नाही. झिजलेल्या सुईने खाच एकदा खरवडली की ती भरून येत नाही. ते काम माझ्याकडे आणू नका, मला येत नाही. कुणालाच येत नाही.