माती कुणी खाल्ली?

आमच्याकडे सकाळच्या बैठकीत चहा येण्याआधी संपादक एकच प्रश्न विचारतात, "काल माती कुणी खाल्ली?" बातमी सुटलेली असते, फोटोखाली भलत्याच आमदाराचं नाव पडलेलं असतं, कुणाचा तरी पोपट झालेला असतो. ही भाषा खोलीतच राहते. छापून येते तेव्हा माती खाणारा कायम बाहेरचा असतो, आणि त्याची ऐपत बघून शब्द काढला जातो.

पालिका गटाराचं झाकण लावायला विसरली, की तो 'प्रताप'. आरोग्य खात्याने मयताला लसीची तारीख दिली, की 'पराक्रम'. गडकिल्ले जिंकून कमावलेले शब्द आम्ही गटारात घातले. 'महाभाग' म्हणजे खरं तर थोर भाग्याचा माणूस. आमच्या पानावर तो धरणाच्या भिंतीवर सेल्फी काढताना घसरतो. कारकुनाला ओटीपी विचारून कुणी लुटलं, तर त्याला 'गंडा' बसतो आणि मथळ्यातच तो बावळट ठरतो. बँकेला कोट्यवधींना लुटलं तर मात्र 'फसवणूक'. बँकेला कोण बावळट म्हणणार? जाहिरात येते.

दारूचं बघा. ३१ डिसेंबरच्या रात्री दुचाकीवर सापडलेला प्रत्येक जण आमच्या लेखी 'तळीराम'. हा गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला. नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं आणि तेव्हापासून या गृहस्थाला आम्ही सुट्टी दिलेली नाही. पण त्या नाटकात पिऊन संसाराची राखरांगोळी करतो तो सुधाकर. शंभर वर्षांत एकाही पिणाऱ्याला आम्ही 'सुधाकर' म्हटलेलं नाही. सुधाकर वकील होता ना! आजही बड्या घरचा सुधाकर खांबावर आदळला, तर बातमी येते, 'मोटारीवरील नियंत्रण सुटले'. कुणाचं सुटलं, ते मोटारीला विचारा.

पुढाऱ्यांसाठी वेगळा डबा. ते मूर्खासारखं बोलत नाहीत, 'मुक्ताफळे उधळतात'. शिवी दिली तर 'जीभ घसरली'. माणूस माईकसमोर ठाम उभा, एकटी जीभच घसरते. दुसऱ्या दिवशी 'सारवासारव'. हा मात्र आमचा अचूक शब्द, सारवायला काय लागतं ते खेड्यातल्या वाचकाला सांगावं लागत नाही.

आणि आमचं स्वतःचं? गेल्या पावसाळ्यात एका चौकातल्या पालिकेच्या फलकावर 'सुस्वागतम'चा पाय मोडला नव्हता. मी रात्री साडेबाराला चवीने मथळा दिला, 'शुध्दलेखनाचे तीनतेरा!' चार कॉलम, उद्गारचिन्हासकट. पान सोडलं आणि घरी जाऊन गाढ झोपलो.

सकाळी एका निवृत्त शिक्षकांचा फोन. "अहो, शुद्धमध्ये द आधी, मग ध. तुम्ही ध अर्धा करून द त्याच्या गळ्यात बांधलाय. फलकवाल्यांनी निदान लहान अक्षरांत चूक केली होती."

मी म्हटलं, "सर, मुद्राराक्षसाचा प्रताप."

"राक्षस नंदांचा अमात्य होता," ते शांतपणे म्हणाले. "विशाखदत्ताने त्याच्यावर अख्खं नाटक लिहिलं. चाणक्याने त्याची मुद्रा मिळवली, तीही त्याच्या नकळत. एवढा निष्ठावान माणूस. त्याला तुमच्या कळफलकावर कुणी बसवलं?"

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, निविदांच्या खाली, आम्ही तीन ओळी छापल्या: 'नजरचुकीने' आणि 'दिलगीर आहोत'. नजर कुणाची, ते लिहिलं नाही. पालिकेच्या फलकासाठी दिलेल्या चार कॉलमांत या तीन ओळी वीस वेळा मावल्या असत्या.

बैठकीत संपादकांनी चष्मा पुसत नेहमीचा प्रश्न विचारला. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.