सज्जता गेली खड्ड्यात

वानुआतू हा देश नकाशावर शोधायला चष्मा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, फिजीच्या अलीकडे, प्रशांत महासागरात सांडलेली ऐंशीएक बेटं आणि त्यांवर सुमारे तीन लाख माणसं. पण या देशाची जागतिक गुणपत्रिका अशी की आपल्याकडचा कुठलाही क्लासवाला त्याचा फोटो फ्लेक्सवर लावेल. 2006 साली लंडनच्या एका संस्थेने ‘हॅपी प्लॅनेट’ नावाचा निर्देशांक काढला, त्यात वानुआतू जगात पहिला. 2011 साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने आपत्तीच्या धोक्याचा निर्देशांक काढला, त्यातही वानुआतूच पहिला. एकाच देशात सुखही भरपूर आणि संकटंही भरपूर! तज्ज्ञांना यात काही विचित्र वाटलं नाही. धोक्याच्या तोंडावर बसून माणूस सुखी असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की त्याला धोक्याची पुरेशी जाणीव नाही. ती करून देण्यासाठी कार्यशाळा घ्यायची असते. चहा, बिस्किटं, फाइल, पेन आणि शेवटी समूहछायाचित्र.

जाणीव करून द्यायला वादळंही येतातच. 13 मार्च 2015 ला ‘पाम’ आलं, पाचव्या म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं. नुकसान मोजलं तेव्हा ते देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या 64 टक्के भरलं. तारखेकडे लक्ष द्या. तिथला वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, आणि कोनफळाची मुख्य काढणी सुरू होते ती या हंगामाच्या शेवटाला. म्हणजे आठ-नऊ महिने वेलाची राखण करायची आणि ताटात पडायच्या वेळेला वारा हजर. कोनफळ, अळूचे कंद, केळी, नीरफणस, कसावा (आपला साबुदाणा ज्याचा होतो तो), असा हा सगळा संसार. यादी वाचून कोकणातल्या माणसाला आपल्या परसात उभं असल्यासारखं वाटेल. फरक इतकाच की आपण कोनफळ उपवासाला खातो आणि ते पोट भरायला खातात.

वादळानंतर मदत आली. मदत म्हणजे तांदूळ आणि डबाबंद मासे. ज्या देशात भातशेती जवळपास नाही, तिथे तांदूळ. आणि ज्या देशाच्या चारी बाजूंना समुद्र आहे, तिथे डब्यातले मासे. उपाशी माणसाने तक्रार करू नये हे मान्य, आणि त्या आठवड्यात त्या तांदळाने खरोखर पोटं भरली हेही मान्य. पण पोत्याला एक वाईट खोड असते. ते पुढच्या वर्षी पुन्हा येतं, मग दुकानात येतं, मग मुलांना कंद नकोसा होतो, आणि मग बेटाला अन्नसुरक्षेचा प्रकल्प मंजूर होतो.

आता या अडाणी बेटकऱ्यांची जुनी व्यवस्था काय होती ते सांगतो. एकही पॉवरपॉइंट नसल्यामुळे ती तज्ज्ञांना उशिरा दिसली. नीरफणसाचा बहर आला की खाऊन उरलेली फळं सोलून, पानांनी अस्तर केलेल्या खड्ड्यात दाबायची, वरून पानं आणि दगड. आत ते आंबतं, त्याचं पीठ होतं, वास उग्र येतो, पण वर्षानुवर्षं टिकतं. लागेल तेव्हा काढायचं, भाजायचं, खायचं. प्रशांत महासागरातल्या कितीतरी बेटांवर असे खड्डे होते. वादळाची चाहूल लागली की कसाव्याचे शेंडे छाटायचे, केळीची पानं उतरवायची, म्हणजे वाऱ्याला धरायला काही उरत नाही आणि खालचा कंद वाचतो. सगळं एका जागी लावायचं नाही, डोंगरात एक तुकडा, किनाऱ्याला एक. जंगलातलं रानकोनफळ एरवी कुणी तोंडात घालत नाही, पण ते कुठे उगवतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. आणि शेजारच्या बेटाशी देणंघेणं, सोयरीक चालू ठेवायची, कारण एकच वादळ सगळ्या बेटांवर सारखं कोसळत नाही. या शेवटच्या कलमाला हल्ली ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात आणि त्यावर पीएचडी मिळते.

शेजारच्या सॉलोमन बेटांतलं टिकोपिया तर अवघं पाच चौरस किलोमीटरचं, वस्ती हजाराच्या थोडी वर. 28 डिसेंबर 2002 ला तिथे ‘झोई’ धडकलं, तेही पाचव्या श्रेणीचं. संपर्क तुटला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बेटाचं श्राद्ध उरकायला घेतलं. राजधानी होनियारात मदतीची बोट तयार होती, पण सरकारकडे डिझेलला पैसे नव्हते आणि खलाशी भत्त्यासाठी अडले होते. शेवटी ऑस्ट्रेलियाने पैसे मोजले. तोवर न्यूझीलंडचा एक छायाचित्रकार हेलिकॉप्टर करून पोहोचला सुद्धा. सरकारी यंत्रणेआधी कॅमेरा पोहोचतो हा नियम तिथेही लागू आहे, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. त्याला काय दिसलं? घरं गेली, झाडं गेली, शेतं गेली. मेलं कुणीच नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने लोक उंचावरच्या गुहांत आणि कातळांच्या आडोशाला जाऊन बसले होते. बातमीची केवढी निराशा झाली असेल!

मी जुन्याचा भाट नाही. मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ 1952 मध्ये टिकोपियाला दुसऱ्यांदा गेले, तेव्हा वादळाने ते बेट उपासमारीला लागलेलं होतं. खड्डे होते, शहाणपण होतं, तरी बाहेरून धान्य आणावं लागलंच. वादळाने नीरफणसाचं झाडच उपटलं तर खड्ड्यात घालणार काय? आणि 2023 च्या मार्चमध्ये वानुआतूत आली तशी ‘ज्युडी’ आणि ‘केव्हिन’ ही दोन वादळं एकाच आठवड्यात येऊन गेली, तर कुठल्या पूर्वजाचं गणित पुरणार? त्याच महिन्याच्या 29 तारखेला वानुआतूच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला आणि 23 जुलै 2025 ला न्यायालयाने राष्ट्रांची जबाबदारी असते असं मत दिलं. धूर करणारे एकीकडे आणि वादळ झेलणारे दुसरीकडे, हे सांगायला त्या इवल्या देशाला हेगपर्यंत जावं लागलं. भोळे वगैरे ते मुळीच नाहीत.

भोळे कोण असतात ते पाहायचं तर अठराव्या शतकातल्या जमैकात चला. अमेरिका स्वतंत्र झाली, तिथून येणारं धान्य आटलं, वर वादळांवर वादळं झाली. मळ्यांत ऊस होता, खायला काही नव्हतं. 1780 ते 1787 या काळात सुमारे 15,000 गुलाम भुकेने आणि भुकेपाठच्या रोगांनी मेले, असा हिशेब मळेवाल्यांच्याच सभेने मांडला. उपाय काय? ऊस कमी करा असं कुणी म्हणालं नाही. ब्रिटनच्या राजाचं जहाज प्रशांतातल्या ताहितीला पाठवून नीरफणस आणा, असं ठरलं. त्या पहिल्या जहाजावर खलाशांनी बंड केलं, तेच प्रसिद्ध ‘बाउंटी’. त्याचा कप्तान ब्लाय दुसऱ्यांदा गेला आणि 1793 मध्ये रोपं पोहोचवून आला. गुलामांनी सुरुवातीला ते फळ खायला नकार दिला, तो भाग वेगळा. झाड नेलं, खड्डा तिथेच राहिला. अन्नसुरक्षेचा हा बहुधा पहिला आंतरराष्ट्रीय प्रकल्प, आणि पुढच्यांनी त्याचं तंत्र फारसं बदललेलं दिसत नाही.

एकदा मात्र नाइलाजाने वेगळं घडलं. एप्रिल 2020 मध्ये ‘हॅरॉल्ड’ आलं तेव्हा वानुआतूने करोनामुळे सीमा बंद केल्या होत्या आणि देशात एकही रुग्ण नव्हता. त्यामुळे मदतीच्या खोक्यांना आधी विलगीकरण, आणि परदेशी तज्ज्ञांना प्रवेशच नाही. तज्ज्ञांविना आपत्ती! पाहणी, वाटप, डागडुजी सगळं स्थानिक लोकांनी केलं. त्याच वर्षी डिसेंबरात वानुआतू ‘अल्पविकसित देशां’च्या यादीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला. उत्तीर्ण झाल्यावर सवलती कमी होतात, हे प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं.

‘हॅरॉल्ड’नंतर दोनच महिन्यांनी, 3 जून 2020 ला, आपल्याकडे ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. तिथे बेट नाही, पण वाडी काही गुंठ्यांची आणि भरपाई हेक्टरी. ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला: नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. नारळाचं झाड धरायला पाच-सात वर्षं घेतं, सरकारी दराला तेवढा वेळ लागत नाही.

म्हणून दात्यांना, मंत्रालयांना आणि पुढच्या कार्यशाळेच्या आयोजकांना विनंती आहे. वादळानंतर शेतकरी उपाशी पोटी पहिल्यांदा खातो ते पुढच्या हंगामाचं बेणं, आणि ते संपलं की पोती कायमची सुरू होतात. तेव्हा तांदूळ पाठवा, पण त्याच जहाजातून तीन-चार महिन्यांत हाताशी येणाऱ्या रताळ्याचे वेल पाठवा. कोनफळाचं आणि अळूचं बेणं राखणारी रोपवाटिका प्रत्येक बेटावर ऑक्टोबरातच भरलेली ठेवा, कारण नोव्हेंबर उजाडला की उशीर झालेला असतो. आणि खड्डा कसा करायचा हे ज्या म्हाताऱ्या बायकांना येतं, त्यांना वक्त्या म्हणून बोलवा. मानधन द्या, आणि तेही तज्ज्ञांना देता तेवढंच.