फाईलवाले नाना

प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर एक फाईलवाले नाना असतातच. आमच्या सोसायटीतले नाना वीज मंडळातून निवृत्त झाले. पूर्वी मीटर तपासायचे, आता डॉक्टर तपासतात.

फाईलवर लाल पेनानं ठळक लिहिलंय: ‘पेनिसिलिन चालत नाही’. आत रिपोर्ट तारखेवार. डॉक्टरांनी नवी गोळी लिहिली की नाना चष्मा पुसतात. "ही कशासाठी? जेवणाआधी की नंतर? जुनी चालू ठेवायची की बंद?" मग ऐकलेलं सगळं पाढ्यासारखं परत म्हणून दाखवतात. अक्षर लागलं नाही तर 2016 चा नियम काढतात: औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. डॉक्टर त्यातल्या ‘शक्यतो’वर बोट ठेवतात. बाहेर खोळंबलेले पेशंट सुस्कारे टाकतात. मीही टाकलेत.

खरा पराक्रम मात्र मेडिकलच्या काउंटरवर. चार गोळ्या मागितल्या की पोऱ्या कात्री उचलतो आणि नाना ओरडतात, "थांब! तारखेचं टोक मला!" उरलेल्या बिनतारखेच्या तुकड्याचं तू काय करतोस, हेही विचारून त्यांनी मालकाला घाम फोडलाय. परवा माझ्याच हातातली पिशवी तपासली. तापावर क्रोसिन, शिवाय सर्दीची गोळी. "दोन्हीत पॅरासिटामॉल! लिव्हर काय भाड्यानं आणलंय?" एक परत केली. राग आला, पण माणूस बरोबर होता, हा त्यातला जास्त त्रासदायक भाग.

एवढं सगळं करून नानांचं बीपी मात्र उतरेना. गोळी वाढवली, मीठ तोडलं, तरी पारा वरच. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता का?"

"छे! काहीच नाही," नाना बाणेदारपणे म्हणाले. फाईलमध्ये तशी नोंदच नव्हती.

"आणि तो ज्येष्ठमधाचा काढा? रोज सकाळी पेलाभर?" काकूंनी विचारलं. आजवर त्या दवाखान्यात फक्त पिशवी धरायला येत.

"ते औषध कुठंय? घरचं आहे ते!"

"नाना, ज्येष्ठमधानं बीपी चढतं," डॉक्टर म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले.

काढा बंद झाला. नानांचे प्रश्न अजून चालू आहेत. पण "आणखी काही घेता का?" हा प्रश्न डॉक्टर आता काकूंनाच विचारतात.