एकवीसचे तीन

पुण्यात ज्याच्याकडे साधी सायकल असते तो मंडईत जातो. ज्याच्याकडे एकवीस गिअरची असते त्याला ताम्हिणी खुणावू लागते. माझा मेव्हणा दुसऱ्या गटातला. त्याच्या माउंटन बाइकला पुढे तीन चकत्या, मागे सात आणि त्या सातांवर चेन इकडून तिकडे नेणारा डिरेलर. हा डिरेलर अलीकडे स्वतंत्र विचारांचा झाला होता. आपण तिसरा गिअर मागावा, त्याने जरा वेळ घ्यावा आणि चौथा द्यावा. कधी कधी काहीच मागितलेलं नसताना पाचवा.

"दाजी, मुळशीला जाऊन येऊ," मेव्हणा म्हणाला. "मोकळ्या रस्त्यावर आपोआप सेट होईल."

मोकळा रस्ता म्हणजे पौड रोड. लग्नाचे मुहूर्त नव्हते म्हणून भूगाव लवकर सुटलं. नाहीतर तिथल्या लॉन्सबाहेरच्या गाड्यांतून वाट काढण्यातच सकाळ जाते. भूकूमपर्यंत डिरेलर नुसताच कुरकुरत होता. खरा रंग त्याने दाखवला पिरंगुटच्या घाटात.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढेल त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पिरंगुटचा घाट त्यापुढे किरकोळ, पण मेव्हण्याच्या अंगात तोच राजा शिरला. सीटवरून उठून त्याने पेडलवर सगळा भार टाकला. चेन खटकन दाते सोडून पुढे सरकली, पाय रिकामा फिरला आणि राजे सिंहासनाऐवजी दांड्यावर विराजमान झाले. पुढची दोन मिनिटं ते जे बोलले ते छापण्याजोगं नाही. मागे एक कंटेनरवाला हॉर्न वाजवत होता, त्यालाही त्यातलं थोडं मिळालं.

उरलेला घाट आम्ही सायकली हातात धरून चढलो. अशा वेळी इतिहास आठवतो. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअरचा मनस्वी तिटकारा होता. बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत, असं त्यांनी १९०२ मध्ये लिहून ठेवलं आहे. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर चढ आला की पट्टीचे शर्यतपटूही खाली उतरत, मागचं चाक काढून उलटं बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चेन चढवून पुढे जात. मेव्हणा सत्तेचाळीसचा आहे, म्हणजे देग्रांजसाहेबांच्या नियमात बसतो. हे मी त्याला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

पिरंगुटला चहाला थांबलो. रस्त्यात मोटरसायकल बंद पडली तर लोक बघून पुढे जातात. सायकल बंद पडली की थांबतात, कारण सायकलीतलं प्रत्येकाला कळतं. एकाने डिरेलर हातानं हलवून "गेला" असं जाहीर केलं. दुसऱ्याने खोबरेल तेल सुचवलं. कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या तिसऱ्याचं म्हणणं, हे गिअरबिअर काढूनच टाका, आमचे आजोबा बिनगिअरच्या सायकलवर पौडहून पुण्याला दूध घालत. यावर कोण काय बोलणार? आजोबा मध्ये आले की मराठी माणसाचा वाद संपतो.

घोटावडे फाटा मागे टाकून कासार आंबोलीत शिरलो. १९९७ मध्ये महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीने मुलींची सैनिकी शाळा काढली ती इथेच. एका अंगाला कारखान्यांचे पत्रे, दुसऱ्या अंगाला कापणीला आलेलं भात. कुणीतरी सांगितलेलं सायकलचं दुकान म्हणजे एक टपरी, पाण्याची पाटी, हवेचा पंप आणि चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेले मिस्त्री.

मिस्त्रींनी सायकल उलटी केली. डिरेलरवर मुळशीची तांबडी माती आणि तेल यांचा काळा लगदा बसला होता. पॉलिश पेपरने घासावं तसा हा लगदा आतून लोखंड खात असतो. वर तेल घातलं की धूळ जास्त चिकटते, मग पॉलिश जोरात चालतं. स्क्रू ड्रायव्हरने लगदा खरवडल्यावर दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पुल्या दिसल्या. नव्या पुलीचा दाता माथ्यावर जरा सपाट असतो. या पुल्यांचे दाते सुईसारखे टोकदार झाले होते.

मेव्हण्याने वरची पुली बोटाने डावी-उजवी केली. "बघा, हीच सैल झालीये!"

"ती हलतीच," मिस्त्री म्हणाले. "हलायलाच केलेली असती. खालची हलली तर मला सांगा."

आणि ते खरं आहे. शिमानोच्या बऱ्याच डिरेलरांत वरची पुली मुद्दामच थोडी आडवी सरकती ठेवलेली असते, म्हणजे ती चकतीखाली आपली जागा आपणच धरते. तिला सैल म्हणून टाकून देणारे पुष्कळ. मिस्त्रींनी मग पुल्यांचा पिंजरा खालून धरून आत-बाहेर हलवला. सगळा डिरेलर खुळखुळला. सांध्यांच्या पिनांत प्ले आला होता, आणि तो कुठल्याही स्क्रूने जात नाही.

"म्हणजे डिरेलर बदलायचा," मेव्हणा खूश झाला. नवीन वस्तू घ्यायचं कारण मिळालं की त्याचे गुडघे दुखायचे थांबतात.

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. शेजारच्या घरातून एका मुलीकडून फूटपट्टी मागवली आणि चेनवर ठेवली. सायकलच्या चेनची एक पिन पुढच्या पिनेपासून अर्धा इंच. म्हणजे शून्यावर एक पिन धरली की बरोबर बारा इंचांवर दुसरी यायला हवी. आमची पिन पट्टीच्या टोकापलीकडे जाऊन बसली होती.

"अर्धा सूत वाढली की चेन बदलायची. तेवढ्यावर भागतं. ही सूतभर वाढली. हिनं फ्रीव्हीलचे दाते खाल्ले, म्हणून चेन उडती. डिरेलर बिचारा मधी सापडला."

नवे सुटे भाग त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी डिरेलर हाताने मागच्या मधल्या चकतीपर्यंत ओढला, त्या चकतीचे दाते त्यातल्या त्यात शाबूत होते, आणि केबल ताणून बोल्टखाली आवळून टाकली. आता मागचा गिअर बदलायचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या तीन चकत्या चालू; एकवीसचे तीन झाले. येताना पिरंगुटचा घाट मेव्हणा सीटवर बसून, चेन न उडता चढला.

निघताना मिस्त्रींनी खोक्याच्या तुकड्यावर यादी लिहून दिली होती: आधी चेन, मग फ्रीव्हील, जमलं तर डिरेलर. मेव्हण्याने दुसऱ्याच दिवशी शहरात जाऊन चकचकीत नवा डिरेलर घेतला. चेन जुनीच आहे, ती दिसायला चांगली आहे असं तो म्हणतो. गिअर अजून उडतो, आणि आता सायकल विकायला काढली आहे. इच्छुकांनी येताना फूटपट्टी आणावी.