दोडक्याची परतफेड

अमेरिकेत ८ ऑगस्टला म्हणे शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा दिवस पाळतात. कामरगावात त्यासाठी तारीख लागत नाही, श्रावण-भादवा पुरतो.

शिवारात सोयाबीन आणि तूर. भाजीचा वेल धुऱ्यावर नाहीतर घरामागच्या टिनावर चढवलेला. तो महिनाभर नुसता पसरतो, आणि मग एका आठवड्यात सगळ्यांचाच दोडका एकदम उतरतो. दारात पोरगं थैली घेऊन उभं: "काकू, मायनं धाडले." नाही म्हणायची सोय नाही. थैली रिकामी परत करायची नाही, हाही रिवाज. म्हणून आपले दोडके तिच्यात. मला शंका आहे, परवा आलेले तीन माझेच होते.

पहिल्या दिवशी चणाडाळ घालून भाजी. दुसऱ्या दिवशी दाण्याचं कूट लावून. तिसऱ्या दिवशी शिरांची चटणी, तीळ घालून. ही मात्र खरंच फर्मास. चौथ्या दिवशी घरातली माणसं भूक नाही म्हणतात. पाचव्या दिवशी दोडका जून होतो, आणि खाण्याऐवजी पाठ घासायच्या कामाचा उरतो.

कोहळं (पुणेकरांचा लाल भोपळा) याबाबतीत सज्जन. झुकिनीचाच हा भाऊबंद, मूळचा अमेरिकेचाच. पण महिनोन्‌महिने कोपऱ्यात गप्प बसतो, बोलावलं तरच बोंडं व्हायला येतो.

या घडीला ओट्यावर सात दोडके आहेत. कारंज्याकडून येणाऱ्यांनी थैली आणावी. भरलेली नको.