अंकल आत आहेत

वसईतल्या पापडी नाक्यावरून आत कुठल्याही वाडीत शिरा. विहिरीशेजारी ताडपत्रीचा मांडव, मांडवात जुनी गाडी आणि गाडीच्या उघड्या दारातून बाहेर आलेले दोन पाय दिसले, की समजायचं, अंकल आत आहेत. नवख्याला वाटतं गाडीची दुरुस्ती चाललीय. पण दुरुस्ती करणारा गाडीखाली असतो, अंकल डॅशबोर्डखाली असतात. इंजिन, क्लच, बॅटरी ही खाती त्यांनी केव्हाच मेकॅनिककडे सोपवली. स्वतःकडे ठेवलंय ते फक्त प्लास्टिक.

प्रत्येक आळीत असा एक अंकल असतोच. वय साठीच्या पुढे, रविवारची पहिली मिस्सा आटोपलेली, अंगात जुनी गंजी, खांद्यावर त्याहून जुन्या गंजीचं फडकं. मुलाची नवी गाडी बाहेर उन्हात उभी. मांडव मारुती ८०० साठी राखीव.

आमच्या आळीतल्या अंकलची ८०० आहे १९९८ ची. त्याच वर्षी वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला आणि पापडीचं आवर लेडी ऑफ ग्रेस चर्च कॅथेड्रल झालं. अंकल ही हकीकत सांगतात तेव्हा गाडी आधी येते, धर्मप्रांत मागून. नंबर एमएच ०४. पालघर जिल्हा २०१४ च्या ऑगस्टात झाला, पण गाडी अजून ठाण्याचीच. एमएच ४८ च्या गाड्यांकडे अंकल, जुन्या वाडीवाल्याने नव्या टॉवरकडे बघावं तसे बघतात.

गाडी घेतली तेव्हा ते चर्चगेटला नोकरीला होते. उभी हयात वसई रोड ते चर्चगेट गेली, आणि त्यातली बरीचशी चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धी मांडी बाकावर आणि उरलेला देह पायांच्या भरवशावर. अशा माणसाला स्वतःच्या मालकीच्या अख्ख्या सीटा मिळाल्यावर त्याने शोरूमचं पॉलिथिन लगेच फाडावं, ही अपेक्षाच चुकीची. मागच्या सीटवरचं अजून आहे. उन्हाळ्यात त्यावर बसलेला पाहुणा उठताना आवाज येतो. स्टेशनला मात्र अंकल तेव्हाही रिक्षानेच जायचे. गाडी दिवसभर स्टेशनबाहेर ठेवली तर डॅशबोर्डला ऊन नाही का लागणार?

ऊन हा त्यांचा खरा वैरी, आणि वैऱ्याची कुंडली त्यांना तोंडपाठ आहे. अतिनील किरणांनी प्लास्टिकमधल्या लांब साखळ्या तुटतात, वरच्या थराला नजरेला न दिसणाऱ्या भेगा पडतात, भेगांवरून प्रकाश विखुरतो आणि काळं प्लास्टिक राखेसारखं दिसू लागतं. ‘रंग सगळा जात नाही रे, खाली बराच असतो,’ हे वाक्य अंकल असं म्हणतात, की ऐकणाऱ्याला घरातल्या कुणाबद्दल बोलताहेत असं वाटावं. भेगांत तेल भरलं की प्लास्टिक पुन्हा काळंभोर, तेल पुसलं गेलं की पुन्हा राख. म्हणून खोबरेल लावणाऱ्यांची त्यांना कीव येते: दोन दिवस गाडी चमकते, मग धूळ धरते आणि पुढे खवट वास. वर वसईची खारी, दमट हवा. पावसाळ्यात पंधरा दिवस गाडी बंद राहिली, की स्टिअरिंगवर बुरशीची लव येते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला खरा, पण या बुरशीशी त्यांनाही तहच करावा लागला असता, असं अंकलचं मत आहे.

डॅशबोर्डवर पहिल्या दिवसापासून पवित्र मारियेचा छोटा पुतळा होता, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेला. एका मे महिन्यात टेपने दम सोडला आणि पुतळा अंकलच्या मांडीवर आला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि खाली पाहतात तो काय, पुतळ्याच्या जागी जुन्या रुपयाएवढं वर्तुळ, १९९८ इतकं काळं! कृपेचा याहून स्पष्ट पुरावा त्यांना नको होता. तेव्हापासून उरलेला डॅशबोर्ड त्या वर्तुळाच्या रंगावर आणणं हे आयुष्याचं ध्येय झालं. पुतळा आता वर्तुळाच्या शेजारी असतो. वर्तुळावर सुती रुमाल, आणि तो फक्त तुलनेसाठी उचलायचा.

हत्यारं डॅनिश बिस्किटांच्या निळ्या डब्यात. कुवेतहून आलेल्या या डब्याने आळीतल्या मुलांच्या किमान दोन पिढ्यांची निराशा केली आहे. आत दाढीचा निवृत्त ब्रश असतो, तो हवेच्या जाळीसाठी. बटणांच्या कडांना कान कोरायच्या कापसाच्या काड्या. टेपच्या चिकट्यावर निलगिरीचं तेल. शाम्पूच्या पुड्या, केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुनेने दिलेला मेलामाइनचा पांढरा स्पंज. हा हाताला मऊ लागतो, पण मुळात तो बारीक सँडपेपरच, चकाकत्या भागावर फिरवलात तर संपलात. आणि सगळ्यात खाली, फडक्यात गुंडाळलेली, काळ्या बूट पॉलिशची डबी. ती कशाला म्हणून विचारलं तर ‘बुटांना’ म्हणतात. अंकल बारा महिने सँडल घालतात.

त्यांचा धर्म एका आज्ञेचा: काहीही असो, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघायचं. नवं औषध ग्लव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला आठवडाभर मुरतं, मग बाहेर येतं. त्यामुळे ग्लव्ह बॉक्सचं आतलं अंग आता सात-आठ रंगांचं आहे.

दुसऱ्या आळीत सँट्रोवाले अंकल आहेत. ते सिलिकॉनच्या स्प्रेचे. मिस्सा सुटल्यावर कंपाउंडमध्ये दोघे हात मिळवतात, कुटुंबाची विचारपूस करतात, आणि बोलता बोलता एकमेकांच्या डॅशबोर्डवरून बोट फिरवतात. ‘तेलकट आहे’ एवढं म्हणून बोट रुमालाला पुसलं, की पुढचे चार रविवार बोलणं बंद. या भांडणात मी ८०० च्या बाजूचा. सिलिकॉनच्या त्या आरशात दुपारी पुढच्या काचेवर अख्खा डॅशबोर्ड उमटतो, आणि समोरून येणारी एसटी त्यातून शोधून काढावी लागते.

पंधरा वर्षं उलटली की पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. २०२३ मध्ये वेळ आली तोवर फी सहाशेवरून पाच हजारांवर गेलेली. अंकलनी हूं की चूं न करता भरली. ब्रेक, लाइट मेकॅनिककडे सोडून स्वतः आठवडाभर दारांच्या पॅडांवर बसले. विरारच्या आरटीओत साहेबांनी चासी नंबर पाहिला, हॉर्न वाजवला, लाइट लावून पाहिले. अंकलना राहवलं नाही. ‘साहेब, जरा आत बघा ना.’ साहेबांनी मान आत घातली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘फर्स्ट एड बॉक्स कुठाय?’

गाडी पास झाली. अंकल महिनाभर नाराज होते.

मग आलं पुतणीचं लग्न. नवरीसाठी भाड्याने सांगितलेली लांबलचक गाडी नाक्यावरच्या गर्दीत अडकली, आणि आळीत उभी गाडी एकच. अंकलच्या तोंडावर जो आनंद होता तो नवऱ्या मुलाच्याही नव्हता. गाडी त्यांनी आदल्या रात्रीच करून ठेवली होती, ‘उगीच, वेळ आली तर’ म्हणून. पांढरा गाऊन, त्याचा घेर, कोपरापर्यंत पांढरे मोजे, सगळं मागच्या पॉलिथिनवर आवाज करत बसलं. कॅथेड्रल काही लांब नाही, पण खड्डे आहेत. एका खड्ड्यात नवरी दाराकडे कलली आणि पॅडला टेकली.

चर्चच्या पायऱ्यांशी ती उतरली तेव्हा उजव्या मोज्यावर मनगटापासून कोपरापर्यंत काळा पट्टा. बुटांचा.

आईने तोंडावर हात ठेवला, करवल्या रडायच्या बेतात. बँडवाल्यांना काही कळेना, ते वाजवतच राहिले. अंकल मात्र शांत. त्यांनी डिकी उघडून निळा डबा काढला, कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवली आणि पुतणीच्या हातावर वाकून म्हणाले, ‘घाबरू नकोस गं, निघेल. आधी आतल्या शिवणीला लावून बघतो. आठवडाभर...’

‘अहो,’ आंटी मागून ओरडल्या, ‘लग्नाला आणलीय तिला, पासिंगला नाही!’